बियाण्याची पारख

श्रोतेहो, राजांच्या लढायांना बखरकार लाभले, देवळांना दानपत्रे लाभली, किल्ल्यांना शिलालेख लाभले. परंतु ज्या बियाण्यावर या सर्वांचे पोट चालले, त्याची बखर कोणी लिहिली नाही. कोणते धान्य कोणत्या शिवारात प्रथम कोणी पेरले, कोणी नाकारले आणि का नाकारले, याची नोंद जुन्या दप्तरांत क्वचितच आढळते. वसुलाचा आकडा मात्र पैपर्यंत आढळतो. या मौनामुळे शेतकऱ्याविषयी एक समज शहरांतून रूढ होऊन बसला आहे. शेतकरी जुन्याला चिकटून राहतो, नवे बियाणे त्याच्या हाती ठेवले तर तो शंका काढतो, आणि शेवटी शेजाऱ्याने केले म्हणून तोही करतो, असा तो समज. यात कितपत तथ्य आहे, हे आज नंदुरबार जिल्ह्याच्या भूमीवरून पाहावयाचे आहे. मका आणि सोयाबीन ही बाहेरून आलेली दोन पिके आपले मुख्य साक्षीदार आहेत. मध्यंतरी कापसाचीही जबानी घ्यावी लागेल.

नंदुरबार हा जिल्हा म्हणून अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे, आणि १९०६ पूर्वी अखंड खानदेशात. तापीच्या काठची शहादे, तळोदे, नंदुरबार या तालुक्यांतील जमीन काळी व कसदार आहे. उत्तरेस सातपुडा उभा राहतो, आणि त्याच्या पलीकडे नर्मदा वाहते. तेथे अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत डोंगरउतारावर हलक्या, दगडगोट्यांच्या जमिनी आहेत. पश्चिमेस नवापूरचा मुलूख गुजरातच्या सीमेला भिडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी सुमारे एकोणसत्तर आदिवासी होती. त्यांत भिल्ल, पावरा, गावित, कोकणा हे समाज प्रमुख आहेत. सपाटीवरील शेतकऱ्याजवळ विहीर असते, बाजार जवळ असतो. डोंगरातील शेतकऱ्याचा भरवसा पावसावर आणि स्वतःच्या कणगीवर असतो. तेव्हा एकाच जिल्ह्यात नव्या बियाण्याला दोन निरनिराळ्या परीक्षकांपुढे उभे राहावे लागते, आणि दोघांचे प्रश्न सारखे नसतात.

प्रथम मक्याचे पाहू. मक्याचे मूळ घर मेक्सिको. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी टिओसिंटे नावाच्या एका रानगवतातून निवड करीत करीत हे धान्य घडविले. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेस पोहोचल्यावर ते युरोपात गेले, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यास लागले, असे सर्वसाधारण मत आहे. किनाऱ्यावरून ते सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत कोणी नेले, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही. त्या प्रवासात कलेक्टराचा हुकूम नव्हता, शेतकी खात्याचे पत्रक नव्हते, व्यापाऱ्याची जाहिरातही नव्हती. तरीही हे परके धान्य डोंगरात असे रुजले की, आज ते तेथील मूळचेच वाटावे.

याचे कारण शोधू लागलो म्हणजे शेतकऱ्याची पारख दिसू लागते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात घरातील जुने धान्य संपत आलेले असते, आणि ज्वारी हाती यावयास अद्याप अवकाश असतो. अशा ओढीच्या दिवसांत मक्याचे कोवळे कणीस भाजून खाता येते. ज्वारीचे कणीस उघडे असल्यामुळे त्यावर पाखरांच्या झुंडी पडतात. मक्याचा दाणा पानांच्या वेष्टनात झाकलेला असतो, म्हणून राखण सोपी. ताटे गुरांना चालतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढील वर्षाचे बियाणे घरात राहते. उत्तम भरलेली कणसे निवडून, त्यांची पाने मागे ओढून, त्यांच्या जुड्या चुलीच्या वर आढ्याला टांगून ठेवतात. धुराने कीड लागत नाही आणि दाणा कोरडा राहतो. मक्याच्या या जुड्या म्हणजे घराची ठेवच होय. तिच्यावर सावकाराचा हक्क चालत नाही.

मक्याच्या फुलावरील पराग वाऱ्याने उडून शेजारच्या शेतातील झाडांवर पडतो. त्यामुळे एका शेताचे बी दुसऱ्याशी मिसळते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून एकेका खोऱ्याला आपापले वाण प्राप्त होते. कोठे पांढरा दाणा, कोठे पिवळा, कोठे लालसर, तर कोठे एकाच कणसात सर्व रंग. धडगाव परिसरात बाएफ या संस्थेने मका व ज्वारी यांचे असे स्थानिक वाण गोळा करून, गावकऱ्यांच्या बीजपेढ्यांतून ते जतन करण्याचे काम केले आहे. ज्या शेतकऱ्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्या शेकडो हंगामांतील निवडीचे हे संचित आहे.

आता याच्या उलट प्रकार पाहा. मका कोणी न सांगता आला. कापसाचे नवे बियाणे सरकारने आणले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. साऱ्या इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. खानदेशचा देशी कापूस आखूड धाग्याचा. तो तेथील यंत्रांना पसंत पडेना. तेव्हा खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी वऱ्हाडापलीकडून हिंगणघाटी कापसाचे लांब धाग्याचे बियाणे आणवून जिल्ह्यात पसरविण्याचा मोठा खटाटोप केला. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील भेसळीस शिक्षा सांगणारा कायदाही केला. त्या तेजीच्या काळात नवे बियाणे फैलावले, हे खरे. परंतु १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले, आणि पुढील काही दशकांत खानदेशात आखूड धाग्याच्या जाती पुन्हा वरचढ झाल्या.

तत्कालीन अधिकाऱ्यांना यात रयतेचा हट्ट दिसला. पण रयतेचा हिशेब साधा होता. लांब धाग्याच्या कापसात सरकीचे वजन अधिक आणि रुईचा उतारा कमी. आखूड धाग्याच्या जातींत रुई अधिक निघे, झाड काटक असे, आणि पीक लवकर हाती येई. चांगल्या धाग्याबद्दल जो अधिक भाव मिळावयाचा, तो मधल्या हातांत जिरून जाई. शेतकऱ्याच्या पदरी वजन तेवढे पडे. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्याने वजनाचे वाण पेरले, यात हट्ट कोणता? नवल असे की, पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने स्वतःच खानदेशासाठी रोझियम नावाची आखूड धाग्याची, भरपूर उताऱ्याची जात निवडून वाढविली. शेतकऱ्याने जो निकाल आधी दिला होता, त्यावर खात्याने मागाहून सही केली.

याच सुमारास सरकारने डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनज्ञास इंग्लंडहून पाचारण केले. १८८९ साली ते आले, देशभर हिंडले, आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी हा इंग्लंडमधील सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा असून काही बाबतींत त्याहून सरस आहे, असा अभिप्राय त्यांनी नमूद केला. त्याला उणीव आहे ती साधनांची, बुद्धीची नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

तथापि कोणी म्हणेल, हे झाले गरीब व निरक्षर शेतकऱ्याचे. सुशिक्षित, सधन देशात शेतकरी नवे बियाणे तत्काळ उचलीत असेल. या शंकेचे उत्तर अमेरिकेतील आयोवा संस्थानात मिळते. मका आणि सोयाबीन यांचे ते जणू माहेरघर. तेथे १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांपुढे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना भेटून, कोणी कधी व का ते घेतले याची विचारपूस केली. त्यांचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. १९४१ पर्यंत दोघे सोडून बाकी सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते. पण त्यास तेरा वर्षे लागली होती. बियाण्याची वार्ता बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली. मन वळले ते मात्र मुख्यतः शेजाऱ्याचे शेत पाहून. पहिल्या वर्षी बहुतेकांनी थोड्याच क्षेत्रात पेरून पाहिले. १९३४ व १९३६ च्या अवर्षणांत संकरित मका जुन्यापेक्षा तग धरून उभा राहिला, तेव्हा उरलेल्यांची खात्री पटली. बांधाकडेची चार तासे नव्या बियाण्याची पेरून पाहणारा शहाद्याचा शेतकरी आणि आयोवाचा शेतकरी यांची रीत एकच आहे. तिला भित्रेपणा म्हणावयाचे असेल, तर प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञालाही भित्रा म्हणावे लागेल.

हे संकरित बियाणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे. मक्याच्या दोन वंशांना पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागाने शुद्ध करीत जातात. तसे केल्याने ते दुबळे होतात; पण त्या दोघांचा संकर केला म्हणजे पहिल्या पिढीत विलक्षण जोम येतो. झाडे एकसारखी उंच, कणसे एकसारखी भरदार. मात्र त्या पिकातील दाणे ठेवून पुन्हा पेरले तर तो जोम ओसरतो व पीक विस्कळीत होते. अर्थात बियाणे दर वर्षी विकत घ्यावयाचे. चुलीवरील जुडीचा अधिकार येथे संपला.

भारतात मक्याच्या सुधारणेची अखिल भारतीय योजना १९५७ साली सुरू झाली, आणि १९६१ साली गंगा १, गंगा १०१, रणजित व डेक्कन ही संकरित वाणे बाहेर पडली. ज्वारीचे सीएसएच १ हे संकरित वाण १९६४ साली आले. बियाणे आता बाजाराची वस्तू झाल्यामुळे त्याच्यासाठी संस्था व कायदे आवश्यक झाले. १९६३ साली राष्ट्रीय बियाणे निगम, १९६६ साली बियाणे अधिनियम, १९७६ साली अकोल्यास महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, अर्थात महाबीज, अशी ही परंपरा आहे.

नंदुरबारच्या दोन परीक्षकांनी या बियाण्याचे दोन निकाल दिले. सपाटीवर पाणी व खत देणे शक्य होते, आणि गिऱ्हाईकही उभे राहिले. मक्याचे गिऱ्हाईक आता भाकरी खाणारे कुटुंब राहिले नव्हते. पिठूळ सत्त्वाचे कारखाने आणि कुक्कुटपालन यांना तो हवा होता. नवापूर हे तर कोंबड्यांच्या मोठ्या पैदाशीचे केंद्र बनले. कोंबडीला दाण्याच्या चवीची चिकित्सा नसते. तिच्या मालकाला वजन व भाव पाहिजे. या कसोटीवर संकरित मका उतरला. डोंगरात मात्र प्रश्न निराळे होते. खत न घालता काय पिकते? भाकरी कशी लागते? टांगलेल्या कणसाला भुंगा लवकर लागतो काय? पाऊस दगा देऊन गेला, तर बियाण्याची रक्कम कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नव्हती, तेथे जुन्या वाणाने आपली जागा राखली. कित्येक घरांनी दोन्ही पेरले. एक विकावयास, दुसरे खावयास. यात विसंगती काही नाही.

पण बाजाराचे आश्रित झालेल्या पिकाला बाजाराची दुखणीही लागतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लू प्रकटला. देशातील तो पहिलाच प्रादुर्भाव. लाखो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. खुराड्यावरील असे संकट खाद्याच्या मागणीतून मक्याच्या राशीपर्यंत येऊन पोहोचते. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकात व त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर आढळली. पीक कित्येक शतकांपूर्वी अमेरिकेतून आले होते. त्याचा जन्माचा वैरी आता मागोमाग आला. ही अळी पोंग्यात शिरून बसते, म्हणून औषधफवारणीचा खर्च वाढला. बियाण्याचे मोल ठरविताना शेतकऱ्याला आता हाही आकडा मांडावा लागतो.

सोयाबीनची कथा याहून शिकवण देणारी आहे, कारण हे पीक एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा उत्तीर्ण झाले. चीन हे त्याचे मायघर. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमीयांच्या आहारात सोयाबीनचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’ पत्रातून त्याविषयी लिहिले. त्याच सुमारास बडोदे संस्थानातही या धान्याचा पुरस्कार चालू होता, तेथील एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. बडोद्याचा सोनगडकडील मुलूख नवापूरला लागूनच होता. पौष्टिकतेत सोयाबीनला तोड नाही, हे शास्त्र सांगत होते, आणि ते खरेही होते. तरीदेखील पीक रुजले नाही. डाळीसारखे ते शिजत नाही. त्याला एक उग्र वास येतो. तुरीच्या वरणाची सवय असलेल्या घरात ते चालेना. घरात खपत नाही आणि बाजारात कोणी घेत नाही, असे धान्य शेतकऱ्याने कोणासाठी पेरावे?

पुढे परिस्थिती पालटली. १९६०-७० च्या दशकांत पंतनगर व जबलपूर येथे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या सोयाबीनवर संशोधन झाले. माळव्यात पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनींना हे पीक मानवले, आणि तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. सोयाबीनचे तेल माणसाला व पेंड कोंबडीला, अशी वाटणी होताच चवीचा प्रश्नच मिटला. १९९४ साली जबलपूरहून जेएस ३३५ हे वाण आले आणि महाराष्ट्रभर पसरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस मालिकेतील वाण दिले. कसबे डिग्रज येथील केंद्राने अलीकडे फुले संगम हे वाण दिले. तेच पीक, तोच शेतकरी. पण त्याच्या प्रश्नांना उत्तर मिळाले, तेव्हा त्याने हात पुढे केला.

सोयाबीनमध्ये एक सोय अशी की, त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे चांगल्या वाणाचे बी घरी राखून पुढील वर्षी पेरता येते; मक्यात हिरावलेला अधिकार येथे शिल्लक आहे. पण हा दाणा नाजूक. त्याचे टरफल पातळ, अंकुर अगदी वरच्या बाजूस. पोते उंचावरून आपटले, मळणीयंत्र वेगाने फिरविले, किंवा काढणीच्या वेळी पाऊस लागला, की उगवण घटते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आल्या. दुबार पेरणी म्हणजे केवळ बियाण्याचा दुप्पट खर्च नव्हे. गेलेली ओल आणि गेलेले दिवस परत मिळत नाहीत. यावर उपाय जुनाच आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे, काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजावे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणे पेरण्यास योग्य. कृषी खाते आज हीच परीक्षा शेतकऱ्यांना सांगते. ओल्या गोणपाटाला पदवी लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. घरचे बियाणे फसले, तर दोष कोठे झाला हे शेतकऱ्याला ठाऊक असे. विकतचे बियाणे फसले, तर तो पिशवीवरील अक्षरांखेरीज कोणाला विचारणार? पेरलेला दाणा तर मातीत गेला. पुरावा म्हणून दाखवावयास हाती काय उरते? या प्रश्नाचा निवाडा २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात झाला. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, आणि त्याने तपासणीसाठी बियाण्याचा काही भाग न पेरता बाजूला ठेवावा अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. त्यापूर्वी २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा अधिकार शेतकऱ्यास मान्य केला. मात्र संरक्षित वाणाचे बी छापाच्या पिशवीत घालून त्यास विकता येत नाही. नव्या वाणाचे पीक कोणत्या परिस्थितीत किती येईल, हे उत्पादकाने सांगावे. तसे न आल्यास शेतकऱ्याला भरपाई मागता यावी, अशीही तरतूद त्यात आहे. कागदावरील हे अधिकार सातपुड्याच्या पाड्यापर्यंत पोहोचविणे, हे काम मात्र पुष्कळ उरले आहे. पावती न घेता घेतलेल्या पिशवीला कोणताच कायदा तारू शकत नाही.

श्रोतेहो, जनुक बदलून केलेल्या मक्याच्या वा सोयाबीनच्या लागवडीस भारतात अद्याप परवानगी नाही; पण तिची चर्चा चालू आहे, आणि उद्या आणखी कोणते बियाणे दारात येऊन उभे राहील हे सांगवत नाही. अशा वेळी शहरातील सुशिक्षित माणूस सहज विचारतो, शेतकरी हे स्वीकारील काय? चारशे वर्षांचा हा इतिहास सांगतो की, प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला पाहिजे. हे बियाणे शेतकऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देईल काय? एकरी उतारा हा त्यांतील एक प्रश्न झाला. कडबा किती, खर्च किती, पाऊस चुकला तर काय, गिऱ्हाईक कोण, पुढील वर्षाचे बी कोणाच्या हाती, आणि फसले तर नुकसान कोणाच्या माथी, हे त्याचे उरलेले प्रश्न. मक्याने त्यांची उत्तरे दिली, तो हुकुमावाचून डोंगर चढला. हिंगणघाटी कापसाने दिली नाहीत, तो कलेक्टराच्या पाठबळानेही टिकला नाही. संशोधन केंद्रातील चाचणी आणि बांधाकडेची चार तासे, या दोन्ही परीक्षांत जे बियाणे उतरेल, तेच या मातीत राहील. त्यांपैकी दुसऱ्या परीक्षेचे शुल्क शेतकरी आपल्या हंगामाने भरीत असतो. तेव्हा तिचा निकाल ऐकून घेण्याइतका मान तरी आपण त्याला दिला पाहिजे.